गुरुवारचं चिनी धिरडं

लीड्सच्या बाजारात चिनी धिरड्यांच्या गाडीपुढे रांग होती. मी अजून पाटीवरची अक्षरं लावत होतो. माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

"अहो, टोपी खाली ओढा. ओळखेल ती."

"सुहास, आपण तिला भेटलोय कधी? आपल्या समरनं नुसता फोटो दाखवलाय."

"म्हणून तर आले. सून करायची तर आधी न सांगता बघावी, तव्यापाशी."

"आपल्या वेळी पोहे तुझ्या आईनं केले आणि तू केले म्हणून सांगितलं."

"तेच! फसवाफसवी मला ठाऊक आहे. काय करतेय ती?"

"मुगाचं पीठ पसरतेय. गोल, पातळ. तुझं नकाशासारखं होतं."

"गप्प बसा. वर काय घालतात?"

"अंडं. तियानजिनचा नाश्ता आहे हा, जिएनबिंग."

"बघा! आज गुरुवार. अंडं घातलं की न खाता परत फिरणार, आणि समरला सांगणार, जमायचं नाही."

"म्हणजे निकाल घरूनच लिहून आणलायस."

"टू, प्लीज," नवऱ्यानं तव्याकडे बघून सांगितलं.

तव्यामागच्या मुलीनं अंड्यांचा ट्रे बाजूला सारला, कोथिंबीर पेरली, कुरकुरीत पापडी ठेवून घड्या घातल्या.

"आई, आज गुरुवार ना? मी दोन्ही धिरडी अंड्याशिवाय केली. बाबा, टोपी छान आहे."

बाईंनी धिरडं हातात घेतलं.

"खा आता, सुहास."

"खातेय. बरं झालंय. कोथिंबीर तेवढी कमी. शनिवारी घरी ये म्हणावं, दाखवते."

"तूच सांग. तिला मराठी येतं."