अनसाबाईचा अंगठा

मंडळी, मांडी नीट घाला, मन जागेवर आणा — आणि आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या! न कळता हातून पाप घडलं, तर ते कोणाच्या माथी? ज्याच्या हातून घडलं त्याच्या? की ज्याला सगळं कळत होतं आणि जो मूग गिळून बसला, त्याच्या?

गप्प झालात! हरकत नाही. मोठमोठे पंडित इथं गप्प होतात. अनसाबाई शेलार मात्र बावीस वर्षं या एका प्रश्नापाशी बसून होती. तिचंच आख्यान आज ऐका.

घाटमाथ्यावर तळकोंड नावाचं गाव. गावाच्या पायथ्याला ओढा — वाघओढा. नावासारखाच! उन्हाळ्यात मांजरासारखा पडून असायचा, अन् श्रावणात गुरगुरायला लागला की माणूस पलीकडे जात नसे. आणि दवाखाना कुठं? पलीकडे! शाळा कुठं? पलीकडे! अलीकडे काय? माणसं आणि म्हशी.

सरकारनं फर्मान काढलं — पंचायतीत बायका घ्या! पुढाऱ्यांना कोडं पडलं. बाई तर पाहिजे, पण बोलणारी नको! आता अशी बाई शोधायची कुठं? — हसू नका, मंडळी, तुमच्याही गावानं शोधली होती! — तळकोंडला अनसाबाई सापडली. नवरा निवर्तलेला, पदरात दोन लेकरं, अक्षराची ओळख नाही. बिनविरोध निवडून आली!

पाच वर्षं ती मेंबर होती. ऑफिसात किती वेळा गेली असेल? दोनदा. दोन्ही वेळा दाराशी जमिनीवर बसली. एरवी शिपाई ठरावाचं रजिस्टर घेऊन घरी यायचा. अनसाबाई चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसायची, शाईत अंगठा बुडवायची. "कशाचं हाय रं?" असं एकदा विचारलं तिनं. शिपाई म्हणाला, "गावाच्या भल्याचं, काकू." भल्याचं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? उमटवला अंगठा!

पुढं लेक लीला मोठी झाली, तिचं लगीन झालं. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. श्रावण लागला. कळा सुरू झाल्या सकाळी, आणि वाघओढा दोन्ही काठ सोडून धावत होता! चार गड्यांनी डोली उचलली, काठापर्यंत नेली — आणि उभे राहिले. पाणी उतरेना. अनसाबाई लेकीच्या उशाशी चिखलात बसलेली. धाकटा विलास, चौदा वर्षांचा, पाण्याकडं बघून ओरडत होता, "उतर की रं! उतर की!"

पाणी उतरलं दुपारी. लीला वाचली. लेकरू नाही वाचलं.

मृदंगबुवा, जरा हात थांबवा. इथं वाजवायचं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं अनसाबाई कसल्याशा दाखल्यासाठी ऑफिसात गेली. रडत म्हणाली, "भाऊसाहेब, त्या ओढ्यावर पायापुरता एक साकव असता, तर माझं नातवंड..." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. माणूस सरळ होता. त्यानं जुनं रजिस्टर काढलं. म्हणाला, "काकू, साकव मंजूर झाला होता. पण पंचायतीनं ठराव केला — साकव नको, चावडीपुढं सभामंडप हवा. हा बघा. हा तुमचाच अंगठा."

मंडळी, अनसाबाईला वाचता येत नव्हतं. पण स्वतःचा अंगठा ओळखता येत होता! विळ्यानं कापलेली आडवी खूण होती त्यावर.

ती घरी आली. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही! दर दिवाळीला लीला माहेरी यायची, आईच्या गळ्यात पडायची, आणि आई अंगठा मुठीत दडवायची. अशी एक नाही, दोन नाही — बावीस वर्षं!

आता पुढं चला. विलासचं लगीन झालं, सून आली उज्ज्वला. बारावी झालेली, कामाला चटपटीत. जागा बायकांसाठी सुटली आणि उज्ज्वला मेंबर झाली! गावात फलक लागला. फलकावर फोटो कोणाचा? विलासचा — गॉगल लावून! उज्ज्वलाचा होता खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा! विलास माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर जीव होता. म्हणायचा, "तू कशाला उन्हातान्हात जातेस? मी बसतो की मीटिंगला!" प्रेमानंच म्हणायचा! प्रेमानं बांधलेली दोरी काचत नाही, म्हणून सोडवायचीही आठवण राहत नाही.

एके दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन आला. मीटिंग उद्याची — सह्या आज! काय पण कारभार! उज्ज्वला भाकरी थापत होती. विलास म्हणाला, "हात पूस आणि सही कर, त्याला पुढं जायचंय."

उज्ज्वलानं पेन हातात घेतलं, आणि कोपऱ्यातून म्हातारी उठली. येऊन रजिस्टरावर हात ठेवला.

"आधी वाच."

"आत्या, ते रोजचंच —"

"वाच म्हणते ना!"

उज्ज्वला वाचू लागली. गावच्या वेशीवर भव्य कमान उभारण्यात यावी... वाघओढ्यावरील साकवाचे काम तूर्त स्थगित ठेवण्यात यावे...

साकव! शब्द कानावर पडला आणि अनसाबाई मटकन खाली बसली. सून घाबरली, पाणी आणलं. म्हातारीनं पाणी बाजूला सारलं आणि बावीस वर्षांचं मनातलं सगळं, रडत रडत, त्या चुलीपुढं ओतलं.

विलास ऐकत होता. त्या काठावर उभा राहून ओरडलेला पोरगा होता ना तो!  म्हणाला, "आये, एवढी वर्षं... एकटीनं? मला तरी सांगायचंस."

"काय सांगू रं? आणि लीलीला काय सांगू? तुझ्या लेकराच्या आड माझा अंगठा आला म्हणून?"

उज्ज्वलानं पेनाला टोपण लावलं. शिपायाला म्हणाली, "दादा, सही उद्या. ऑफिसात येऊन करते."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाली. ऑफिसात नऊ खुर्च्या. मेंबरात बायका पाच, पण खुर्च्यांवर बसले होते त्यांचे नवरे! पंचायत होती की जावयांचा मेळावा? सरपंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला तसदी घेतली? विलास होता की."

 खोटं कशाला सांगू? वाघिणीसारखी वगैरे काही नव्हती उज्ज्वला! पदराचं टोक मुठीत घट्ट धरून म्हणाली, "निवडून मी आलेय, भाऊ. मला बसायला जागा द्या. आणि ठराव मोठ्यानं वाचा."

कोणी उठेना. तेव्हा विलास दारातून म्हणाला, "चला रं गड्यांनो, आपण बाहेर चहा पिऊ. आपलं इथं नाव नाही." एक उठला, मग दुसरा. चारही नवरे खाली माना घालून बाहेर! आणि आताच्या भाऊसाहेबांनी डोकी मोजली, तर मेंबर उरले किती? तीन बापये आणि एक उज्ज्वला! चौथे दगडूतात्या तापानं घरी. माणसं पुरेनात, सभाच भरेना! आठ दिवसांनी पुन्हा बोलवायची ठरली.

आता खरी अनसाबाई बघा, मंडळी. जी गोष्ट तिनं पोटच्या पोरीला सांगितली नव्हती, ती गोष्ट घेऊन ती चार मेंबरणींच्या घरी गेली. प्रत्येकीच्या उंबऱ्यात बसली, अंगठा पुढं केला. "बाई, मला वाचता येत नव्हतं. तुला येतं. एवढंच सांगायला आले."

चौघींतल्या तिघी सभेला आल्या. एकीला घरच्यांनी सोडलं नाही. दगडूतात्या काठी टेकत आले, आणि त्यांनी हात वर केला तो बायकांच्या बाजूनं. पाच विरुद्ध तीन! कमान बारगळली, साकव झाला. चैत्रात लोखंडी कठडा लागला.

लीला आली. मायलेकी साकवावर उभ्या राहिल्या. आणि तिथं म्हातारीनं लेकीला सांगितलं. सगळं. अंगठ्यासकट.

लीलानं कठडा धरला, खाली पाण्याकडं बघितलं. मग विचारलं, "तुला वाचून दाखवलं होतं?"

"नाही गं."

"तू विचारलं नाहीस?"

"एकदा विचारलं. भल्याचं हाय म्हणाले. पुन्हा विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं."

लीला तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, खाली बसली. आईला बसवलं. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आणि म्हणाली, "आये, तू बावीस वर्षं रडलीस. ज्यांना त्या कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक होतं, त्यांतला एक तरी रडला का गं?"

मिळालं उत्तर, मंडळी? पाप कोणाचं, ते कळलं?

आता तळकोंड सोडा, तुमच्या गावात या! मंडपाच्या दारात सप्ताह समितीचा फलक आहे. एकवीस नावं! मी येताना वाचली. एक बाईचं नाव नाही. सात दिवस चुलीपुढं घाम कोणी गाळला? भाकऱ्या समितीनं थापल्या काय? — हसताय! हसा. मीही हसलो असतो. पण माझ्या घराच्या पाटीवरही माझंच एकट्याचं नाव आहे. ती पाटी घरी गेल्या गेल्या बदलणार आहे.

आणि मायबहिणींनो, तुम्ही तिकडं खांबांच्या मागं, अंधारात बसलाय. मला तुमचे चेहरे दिसत नाहीत. पुढं या. अहो बापयांनो, सरका थोडे! म्हाताऱ्या आजीला हात द्या कोणीतरी. या, या, लाजू नका.

टाळकरी, घाई नको. त्या सगळ्या पुढं येऊन बसेपर्यंत मी गजर धरत नाही.