हळदीच्या दिवशीचं पोर

मंडळी, एक सांगा मला — खोटं वाटणारही नाही असं बोलून पाप करता येतं का? पाटील, मान हलवू नका, तोंडानं बोला! नाही येत म्हणता? बरं! मग ऐका तानूआक्काची गोष्ट.

ही कण्हेरगड संस्थानातली सुईण. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिला एकच लेक, रंभाजी. पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटलं आणि म्हाळू नावाच्या पोरानं त्याच्या डोक्यात कुदळ घातली. रंभाजी जागीच गेला! म्हाळूला फाशी सुनावली. आक्का म्हणाली, "बरं झालं!" का म्हणू नये हो? आई होती ती, दगड नव्हती!

पण संस्थानचा कायदा असा — सोळा वर्षं पुरी झाल्याशिवाय फाशी नाही. म्हाळू अंगानं थोराड, मिसरूड फुटलेलं. आई बाळंतपणातच गेलेली, बाप पटकीनं. वय सांगणार कोण? कुणी सांगितलं नाही, तर अंगाकडं बघून फाशी कायम! आणि वयाचं आपल्याकडं काय सांगावं! लग्न ठरवताना कमी, पेन्शनीला जास्त! हसताय काय? तुमचंच सांगतोय!

मग राजेसाहेबांनी सुईणीलाच बोलावणं धाडलं. निघताना दीर आडवा आला. "वहिनी, एवढंच म्हणा — आठवत नाही. हजार बाळंतपणं केलीत, कुणाकुणाचं ध्यानात राहील?" बघा मंडळी! खोटं वाटतसुद्धा नाही! दोन शब्द, की पोरगं लटकलं!

आणि आक्काला तर सगळं आठवत होतं. रंभाजीला हळद लागत होती, आक्काचे हात पिवळे. तेवढ्यात निरोप आला — बाई अडलीय! आक्का घुटमळली. तर नवरदेव म्हणतो कसा, "आई, जा तू! हळद काय पळून जातीय? आधी ते पोर!" त्या पिवळ्या हातांनीच तिनं म्हाळूची सुटका केली होती.

दिराला बाजूला सारून आक्का ताड ताड चालत निघाली. दरबारात उभी राहून म्हणाली, "म्हाराज, माझ्या लेकाच्या हळदीदिवशी जन्मला ह्यो. फाल्गुनात पंधरा वर्सं झाली. सोळावं सरायचं हाय अजून."

कारभारी गुरकावला, "पुरावा काय?"

"पुरावा? आवं, मेला त्यो माझा लेक! ह्याला वाचवाया मी खोटं बोलंन व्हय?"

फाशी रद्द झाली, कैद झाली. म्हाळू बेड्यांसकट तिच्या पायांवर कोसळला. "आई —"

"आई म्हणू नगंस मला! म्या तुला माफ केल्यालं न्हाई. पण 'आधी ते पोर' म्हणून माझा लेक बोलला हुता. त्याचा शबुद मी मोडायची न्हाई. जा, जग! पण कुणाच्या शबदावर जगतोयस, ते इसरू नगंस."

मंडळी, उद्या चावडीवर, कोर्टात तुम्हालाही कुणी विचारील — तुम्ही होता ना तिथं? ज्याचं विचारतील तो तुमचा वैरी असेल. "आठवत नाही" अगदी ओठांवर येईल. तेव्हा ते पिवळे हात डोळ्यांपुढं आणा, आणि बोला!

काय पाटील? मघाचं उत्तर बदलायचंय? बदला, बदला! आम्ही थांबलोय. तोवर वाजवा रे टाळ!