ओढ्यात न पडलेली दांडी

पोलीस ठाणे लोस तेरोस, प्रांत सांता फे. रविवार, सायंकाळ.

माझे नाव निदिया एस्तेर बाउद्राको, वय ४७ वर्षे, धंदा केस कापण्याचे स्वतःचे दुकान, राहणार रोसारिओ शहर. मूळची याच गावची, मालधक्क्यासमोरच्या रेल्वे क्वार्टरमधली.

मी समक्ष ठाण्यात येऊन, कोणी बोलावलेलं नसताना, आपखुशीने सांगते की,

आज दुपारी रेल्वे संग्रहालयातली पितळी दांडी हरवल्याबद्दल ट्रॉलीचालक एलिसेओ बाउद्राको, वय ७९, यांनी या ठाण्यात जबाब दिला आहे. दांडी त्यांच्या हातून पुलावरून ओढ्यात पडली, असं त्यात आहे म्हणे. ते खोटं आहे. दांडी ओढ्यात पडलेली नाही. ती आत्ता हवालदार वांदा गाउना यांच्या टेबलावर आहे, मीच आणून ठेवली. हवालदार म्हणतात थोडक्यात सांगा. वांदा शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची, तेव्हापासून तिला घाईच आहे. पण आज मी सगळं सांगणार आणि तिने सगळं लिहायचं.

माझी मुलगी मिलाग्रोस, आम्ही तिला मिली म्हणतो, हिचं लग्न रोसारिओच्या तोमास इस्तुएता याच्याशी ठरलं आहे. मुलाचे वडील आल्वारो इस्तुएता नोटरी आहेत. आई बेआत्रिस. घर नदीकाठी, वरच्या मजल्यावर. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, तुमचे वडील काय करायचे. मी म्हटलं, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. हे तोंडातून कसं निघून गेलं ते मला कळलं नाही, पण एकदा निघाल्यावर मी त्यात भरच घातली. म्हटलं, आता तब्येत बरी नसते, कोणाला भेटत नाहीत.

व्याह्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. त्यांच्या बैठकीत कंदील, वजनं, कुलपं अशी मांडून ठेवलेली असतात. आमच्या गावाच्या स्थानकाचं संग्रहालय झाल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि माझ्या मागे लागले की चला, सुनेचं आजोळ बघू. रविवारी दुपारी तिथे मोटार ट्रॉली सुटते. वर ताडपत्रीचं छत, खाली चार बाकं. पाहुण्यांना ओढ्यावरच्या पुलापर्यंत नेते आणि परत आणते. ती चालवायला आळीपाळीने दोघे आहेत, एक फेरारो आणि दुसरे माझे वडील. या रविवारी फेरारोची पाळी आहे, हे मी आधी फोन करून विचारून घेतलं होतं. कशासाठी विचारलं ते सांगायला नको.

आम्ही तिघे व्याह्यांच्या गाडीने जेवणवेळेनंतर पोहोचलो. गाव झोपलेलं होतं, फक्त स्थानक जागं. फेरारोच्या घरी नातवाचा बाप्तिस्मा निघाला म्हणून बाबांनी पाळी बदलून घेतली होती. फलाटावर ट्रॉलीशेजारी ते उभे होते. निळा डगला, तेलाने काळा झालेला, डोक्यावर टोपी. वरचा एक दात नाही, तो बसवून घे म्हणून मीच वर्षभर कटकट करते आहे. मला बघून त्यांचा सगळा चेहरा हसला. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी गाल पुढे केला.

आमच्याकडे गालाला गाल सगळ्यांनाच लावतात. पोस्टमनला लावतात, दाताच्या डॉक्टरला लावतात. मी माझ्या बापाला लावला नाही. मी म्हटलं, "नमस्कार. ट्रॉली कधी सुटते?"

बाबा तिथेच थांबले. माझ्या मागे उभ्या असलेल्या विहीणबाईंकडे त्यांनी पाहिलं, व्याह्यांच्या बुटांकडे पाहिलं. मग चिंधीने हात पुसत म्हणाले, "आत्ता सुटेल, बाई. जपून चढा, पायरी उंच आहे."

विहीणबाई चढता चढता म्हणाल्या, "किती गोड म्हातारा आहे! तुमच्या ओळखीचा आहे का?"

मी म्हटलं, "लहान गाव आहे हो. तोंडओळख सगळ्यांचीच असते."

बाबा हातभर अंतरावर होते. त्यांना ऐकू चांगलं येतं. मला त्याच वेळी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, तरी मी पर्स मांडीवर घेऊन बसलेच. आमच्याखेरीज ट्रॉलीत शेजारच्या वसाहतीतल्या दोन वयस्क बहिणी होत्या. त्या गावच्या नाहीत, त्यांना काही माहीत नव्हतं.

आता दांडीबद्दल. इथला रूळ एकेरी. पूर्वी समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एकच पितळी दांडी असायची. स्टेशनमास्तर ती ड्रायव्हरच्या हातात देणार, ज्याच्या हातात दांडी त्याचाच रूळ, आणि दांडी नसेल तर चाकसुद्धा हलवायचं नाही. शेवटची गाडी जाऊन तीस वर्षं होऊन गेली. सगळ्या रुळावर आता ही एकच ट्रॉली आहे. तरी आमचे म्हातारे दर रविवारी दांडी देतात, घेतात, वर धरून दाखवतात. स्टेशनमास्तरांच्या जागी प्रोस्पेरोकाका लेनार्दुत्सी असतात. खऱ्या नोकरीतही तेच होते.

व्याही हसून म्हणाले, "अहो, समोरून काय भूत येणार आहे?"

प्रोस्पेरोकाका म्हणाले, "आलं तर थांबेल बिचारं. दांडी आमच्याकडे आहे." त्यांनी मला अर्थातच ओळखलं होतं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी नुसती मान हलवली आणि ते गप्प झाले.

पुलावर ट्रॉली थांबली. बाबांनी दांडी नेहमीच्या आकड्याला अडकवली आणि त्या दोन बहिणींना हात देऊन खाली उतरवलं. सगळे फोटो काढायला पुलावर गेले. मी ट्रॉलीपाशीच होते. व्याह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दांडी काढली, काढून ठेवलेल्या कोटात गुंडाळली आणि विहीणबाईंच्या पिशवीत घातली. माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणाले, "इथे काळी पडण्यापेक्षा आमच्या बैठकीत शोभेल. रागावणार नाही ना, निदिया?"

मी हसले. हवालदार विचारतात, काय म्हणून हसले. व्याही माणूस गंमत करतो तेव्हा हसतात तशी हसले. लाज वाटते, पण हसले.

परत निघताना आकडा रिकामा. बाबांनी बाकांखाली पाहिलं, गवतात पाहिलं, रुळांमध्ये गुडघे टेकून पाहिलं. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, तो पाय बाजूला पसरून बसावं लागतं. ऊन असं होतं की पत्र्याला हात लागत नव्हता. व्याही म्हणाले, "चला हो आजोबा, बिनदांडीचे चला. कोण येतंय समोरून?"

बाबा म्हणाले, "कोणी येत नाही, साहेब. मला काय ठाऊक नाही होय? पण दांडी नाही तर मी जात नाही."

तेव्हा मी बोलले. मला कोणी बोल म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, तुमच्या या खेळापायी माणसं उन्हात भाजून निघताहेत. म्हातारचळ लागल्यासारखं काय करता?" मी बाबांना जन्मात कधी 'अहो' म्हटलेलं नाही. पिशवी माझ्या पायाशी होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे, बाई. चूक माझी आहे. तुम्ही सावलीत बसा, मी स्थानकावर जाऊन सांगून येतो." आपला गरम पाण्याचा थर्मास आणि माते या कडू पाल्याच्या चहाचा तुंबा त्यांनी बाकावर ठेवला, म्हणाले, पाहुण्यांना पाजा. आणि रुळांमधून चालत निघाले. पूल ते स्थानक चांगलं तासाभराचं चालणं आहे. डोक्यावर टोपी होती, पाणी नव्हतं. पाणी आमच्याकडे होतं.

मी सगळ्यांना माते भरून दिला. त्यात त्यांनी संत्र्याची साल घातली होती, मी लहान असताना घालायचे तशी. विहीणबाई म्हणाल्या, छान लागतो, कृती विचारायला हवी. मी प्यायले नाही.

पुष्कळ वेळाने संग्रहालयाचे चिटणीस टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला आले. स्थानकावर बाबा कार्यालयात बसले होते, तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "दांडी माझ्या हातून ओढ्यात पडली." प्रोस्पेरोकाका म्हणाले, "वेडा आहेस का, एलिसेओ? तू आणि दांडी पाडणार? चल, पाण्यात उतरून बघू." बाबा म्हणाले, "ज्याने दांडी घालवली तो गाडीवरून खाली, हे तूच पोरांना दरडावून सांगायचास." त्यांनी स्वतःच टोपी काढून टेबलावर ठेवली. आईच्या मागे त्यांना रविवारच्या या ट्रॉलीशिवाय दुसरं काही नाही. सोमवारपासून ते तिला तेलपाणी करत असतात. ती ट्रॉली त्यांनी आज माझ्या व्याह्यांच्या बैठकीपायी सोडली आणि मी दारात उभी राहून बघितलं. दांडी नगरपालिकेच्या मालकीची, म्हणून चिटणीस त्यांना इथे जबाबाला घेऊन आले. आणि मी व्याह्यांच्या गाडीत बसून निघून गेले. होय, वांदा, निघून गेले. लिही.

हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. व्याह्यांनी दांडी बाहेर काढली आणि रुमालाने पुसायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, "म्हातारा गोड होता, पण अशा माणसांच्या हातात गाडी द्यायला नको बाई. डोकं चालत नाही मग."

मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत."

व्याही म्हणाले, "कोण?"

"ज्यांचं डोकं चालत नाही ते. ते कुठल्याही हुद्द्यावर नव्हते. पंचवीस वर्षं मालगाडी चालवली त्यांनी. आणा ती दांडी इकडे."

मग व्याही म्हणाले, "मग तिथेच का नाही सांगितलंत?" प्रश्न सरळ होता. मी हात पुढे केलेलाच ठेवला. त्यांनी दांडी माझ्या हातात दिली, म्हणाले, आम्ही काही चोर नाही, गंमत केली. विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लग्नाचं आपण सवडीने बोलू." गाडी गेली. धान्याच्या एका ट्रकवाल्याने मला गावाच्या फाट्यापर्यंत सोडलं, तिथून चालत आले.

आधी घरी जायला हवं होतं, पण धीर झाला नाही, म्हणून थेट ठाण्यात आले. तर बाबा इथेच, बाहेरच्या बाकावर. जबाब टाइप होऊन सहीला यायची वाट बघत होते. मला बघून उठले. आधी माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं, कोण कोण बरोबर आहे ते. मग म्हणाले, "या, बाई."

मी म्हटलं, "कोणी नाही, बाबा. मी एकटीच आहे."

त्यांनी दांडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग मिलीचं लग्न?" मी दांडी घेऊन आत आले.

माझं म्हणणं असं की, दांडी आल्वारो इस्तुएता यांनी माझ्या डोळ्यांदेखत घेतली आणि मी गप्प राहिले. एलिसेओ बाउद्राको यांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांचा जबाब रद्द करावा आणि पुढच्या रविवारी ट्रॉली त्यांच्याच हातात द्यावी. दांडी स्टेशनमास्तरांना ड्रायव्हरनेच द्यायची असते, म्हणून ती माझ्याकडून घेऊन बाबांच्या हातात द्यावी.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून ऐकवण्यात आला. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जावा म्हणून दार उघडं ठेवायला मी सांगितलं होतं. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

वाचून झाल्यावर पुढील मजकूर वाढवला. एलिसेओ बाउद्राको दारात येऊन म्हणाले की, माझा पहिला जबाब खरा आहे, दांडी माझ्या हातूनच पडली, ओढ्याकाठी कोणाला तरी सापडली असेल. नोटरीसाहेब भला माणूस आहे, त्यांचं नाव खोडा. हवालदार म्हणाल्या, "एलिसेओकाका, मग ही काय खोटं बोलते?" ते म्हणाले, "मला काय माहीत? मी या बाईंना ओळखत नाही."

हवालदारांनी विचारलं, हे असंच लिहू? ते म्हणाले, लिही. आणि त्यांनी पाण्याचा पेला भरून माझ्यासमोर ठेवला, म्हणाले, "आधी हे पी. तोंड बघ किती भाजलंय. फाट्यापासून चालत आलीस ना? लहानपणापासून तुला ऊन सोसत नाही, आणि डोक्यावर काही घ्यायचं तेवढं सुचत नाही."

हवालदार म्हणाल्या, शेवटची वाक्यं प्रकरणाशी संबंधित नाहीत, काढते. मी ती काढू दिली नाहीत. ती बरोबर आहेत.

सही: निदिया एस्तेर बाउद्राको
समक्ष: हवालदार वांदा गाउना