ब्याण्णववर अडलेला काटा

माझं वजन अडलं ते आमच्या आप्पामुळं, दुसऱ्या कुणामुळं न्हाय. सदलगा गावच्या मुलीची अट होती, नव्वदच्या खाली ये, मग लग्नाचं बोलू. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला निदान एवढं तरी जमावं! भात सोडला, गोड कुंदा सोडला, पँट ढिली झाली. पण आमच्या सूत तोलायच्या काट्यावर रोज ब्याण्णवच. आकडा आप्पा वाचायचा, कारण मला तो पोटाआडून दिसायचा न्हाय.

एक दिवस माझी थोरली बहीण आक्का ओरडली, “आप्पा, काट्यावरचा पाय काढा! सूत न्हाय, पोरगा हाय तुमचा!”

विणकरांना सूत देताना वजन जास्त दिसावं म्हणून आप्पा असाच पायाचा अंगठा काट्यावर दाबतो.

“सवय रं,” आप्पा म्हणाला.

पाय निघाला, काटा सत्त्याऐंशीवर आला. लगेच सदलग्याला फोन लावला, तर तिचं दुसरीकडं ठरलेलं.

स्थळ गेलं.