दयारामची इंजिनची नाव

रामटेकच्या बसमध्ये माझ्या मागे दोन मासेमार बोलत होते.

"दयाराम, इंजिनची नाव पळते का गा आता?"

"पळते. आधी कितीही रेस दिली तरी मागून बसून राहे अन् नाक आभाळात. परवा तलावात वादळ सुटलं, तं काठ गाठेपर्यंत जीव मुठीत होता."

"इंजिन बदललं काय?"

"नाही. मिस्त्री म्हणे, इंजिन ठीक आहे, वजन सारं मागं आहे. पेट्रोलची टाकी समोर नेली, तरी तसंच. मंग त्यानं माह्या बायकोले पाह्यलं. वीस वर्षांपासून मागं माह्याजवळच बसते."

"तिले समोर बसवलं?"

"बसवलं. नावेनं नाक खाली केलं अन् सर्रकन पळाली."

"मंग तं झालं."

"झालं. पण समोरून तिचं बोलणं ऐकू येत नाही गा."

"मंग?"

"वारं नसलं का जवळच बसवतो. हळूहळू जातो."