मागितलं एकच होतं

कॉम्प्युटरवर चिडलेला माणूस बघायचा तर आमचे मामा बघावेत. कर्जतला त्यांचं खताचं दुकान आहे. परवा ऐन गर्दीत मला फोन आला, "भाच्या, पळत ये. बिलच निघंना!"

जाऊन बघतो तर काय, बिलाचं सॉफ्टवेअर अपडेट करताना मामांनी दिसेल तिथं 'यस' दाबलेलं. त्यामुळं सोबत आणखी तीन प्रोग्रॅम येऊन बसलेले. एक कचरा साफ करणारा, एक व्हायरस हुडकणारा आणि एक तर चक्क राशिभविष्य सांगणारा! कॉम्प्युटरला नुसती धाप लागलेली.

मामा भडकले. "मी मागितलं एक, हे तीन माझ्या गळ्यात कुणी मारलं? लूट हाय ही! मानसाला पायजे तेवढंच द्यावं ना!"

"काढतो मामा सगळं," मी म्हणालो.

रांगेत पुढंच एक म्हातारबा उभे होते. त्यांना फक्त युरियाची गोणी हवी होती, पण पिकाच्या टॉनिकची बाटली घेतल्याशिवाय गोणी मिळणार नाही, असं मामांनीच त्यांना सुनावलं होतं. त्यांनी ती बाटली हळूच माझ्यापुढं ठेवली.

"पाव्हणं, काढतायच तर ही पन काढा की."