पॅनलचा ताप

...अन् वर मलाच विचारते, "अहो, एवढी नवी वस्तू उघड्यावर टाकता?" आता तुम्हीच सांगा, सोलर पॅनल उघड्यावर नाही टाकायचं तर काय कपाटात ठेवायचं? ऊन काय कमी आहे हो आपल्या बुऱ्हाणपुरात?

तुम्हाला सांगतो, घेतलं तेही हिच्यासाठीच! गेल्या मेमध्ये भर दुपारी लाइट गेली, अन् आमची विमल चक्कर येऊन स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, इनको गर्मी से बचाइए, दुबारा नहीं झेल पाएँगी." म्हणून हे घडीचं पॅनल मागवलं... मिटलं की विमा एजंटाची बॅग, उलगडलं की सतरंजी! पॅनल गच्चीवर, वायर खाली, वायरीला पंखा, पंख्याखाली विमल. झालं! शेजारचा गिरधर ओरडला, "बडे बाबू, पापड़ कब डाल रहे हो इस पर?" म्हटलं, हसू दे. ऊन काय कमी आहे हो!

दुसऱ्याच दिवशी लाइट गेली, पंखा दोन गिरक्या घेऊन गप्प. वर जाऊन बघतो तर पॅनलला खोळ! झालर लावलेली! अहो, आमच्या घरी फ्रिजला खोळ, टीव्हीला खोळ, रिमोट तर आल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत, पण पॅनलला? "रंग उडेल ना उन्हानं!" सबंध जन्म तहसील कचेरीत गेला माझा, फायली दाबून ठेवणारे पुष्कळ पाहिले... सूर्य दाबून ठेवणारी ही पहिलीच!

समजावलं. "अगं, ऊन हेच त्याचं जेवण!" म्हणाली, पटलं. मला वाटलं, सुटलो!

अन् काल? पुन्हा लाइट गेली, पुन्हा पंखा बंद... अन् खाटेवर विमल नाही! धापा टाकत वर जातो, तर ही त्या आगीत पॅनलशेजारी बसलेली, अन् पॅनलवर ओला पंचा! "हात लावून बघा हो, केवढा ताप भरलाय बिचाऱ्याला! एवढं जेवल्यावर आजारी नाही पडणार?"

स्वतःचा चेहरा लालबुंद! "अगं, खाली चल, चक्कर येईल!" तर म्हणते, "तुम्ही माझ्यासाठी आणलंय ना? मग मीच जपायला नको?"

उठेचना! शेवटी छत्री आणली, हिच्या डोक्यावर धरली... अन् सावली बरोब्बर पॅनलवर! ही त्याच्यावरून हात फिरवून म्हणते, "आत्ता कसं! उतरला बघा ताप."

ऊन काय कमी आहे हो बुऱ्हाणपुरात? पॅनलच्या वाट्याचं सगळं माझ्या टकलावर वर्ग झालं!